मॉर्निंग्टन द्वीपकल्प: तीन बाजूंना पाणी, मधे पिनो न्वारचे मळे

रानपाखरू:

मेलबर्नला पाहुणे येणार म्हटलं की आपल्या लोकांची यादी ठरलेली असते. ग्रेट ओशन रोड, फिलिप आयलंडचे पेंग्विन, आणि कुणाला वाइनरी बघायची असेल तर यारा व्हॅली. यारा सुंदर आहेच. पण द्राक्ष, माती आणि हवा यांचा संबंध ज्याला प्रत्यक्ष बघायचाय, त्याने मॉर्निंग्टन द्वीपकल्पावर जावं असं मला मनापासून वाटतं. मराठीत याबद्दल फार लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा.

शहराच्या आग्नेयेला, गाडीने तासा-सव्वा तासावर, जमिनीचा एक बुटासारखा तुकडा समुद्रात शिरलाय. एका अंगाला पोर्ट फिलिपचा उपसागर, दुसऱ्या अंगाला वेस्टर्न पोर्टचा, आणि दक्षिणेला थेट बास सामुद्रधुनी. तिच्यापलीकडे टास्मानिया, आणि त्याच्यापुढे अंटार्क्टिकापर्यंत पाणीच पाणी. इथला कुठलाही मळा समुद्रापासून फार लांब नाही. ऐन जानेवारीत मेलबर्न चाळिशीत भाजत असताना दुपारनंतर दक्षिणेचा वारा सुटतो आणि रेड हिलच्या चढावर अंगात काहीतरी घालावंसं वाटतं.

या वाऱ्यावरच इथली वाइन उभी आहे. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, त्यामुळे दिवसाचा पारा फार चढत नाही आणि रात्रीचा फार उतरत नाही. द्राक्ष सावकाश पिकतं. उष्ण प्रदेशात साखर भराभर चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उडून जातो. त्यातलं मॅलिक आम्ल तर उन्हाच्या तापाने वेलच खर्चून टाकते. इथे तो आंबटपणा टिकतो आणि वास-स्वादाला तयार व्हायला वेळ मिळतो. म्हणून पिनो न्वार हे लाल वाइनचं नाजूक, पातळ सालीचं, दाट घडाचं, जरा ऊन जास्त झालं की सुकणारं आणि जरा दमट झालं की कुजणारं द्राक्ष इथे रमलं. एकूण लागवडीत निम्म्याच्या आसपास तेच आहे. त्याखालोखाल शार्डोने, मग पिनो ग्री, ही दोन्ही पांढऱ्या वाइनची.

मला सगळ्यात भावणारी गोष्ट वेगळी आहे. इथले लोक सारखं 'अप द हिल' आणि 'डाऊन द हिल' म्हणतात. रेड हिल आणि मेन रिज हा वरचा भाग. मळे जवळजवळ अडीचशे मीटर उंचीपर्यंत गेलेत आणि माती ज्वालामुखीच्या खडकाची, लालभडक. आपल्याला ती बघून घरची आठवण येईल. खाली मुरुडक, टुराँग, ड्रोमाना, मेरिक्स या भागांत माती पिवळट-करडी आणि खाली चिकणमातीचे थर. दोन्हींत पंधरा मिनिटांचं अंतर. पण वरची तोडणी खालच्यापेक्षा कित्येकदा दोन-तीन आठवडे उशिरा होते. एकाच सकाळी दोन्हीकडची पिनो चाखली तर फरक कुणालाही कळतो, त्यासाठी जाणकार असावं लागत नाही. वरची बहुधा हलकी, लाल चेरी-रासबेरीच्या अंगाची, धारदार. खालची जास्त भरलेली, गडद, आलुबुखारासारखी. 'टेन मिनिट्स बाय ट्रॅक्टर' या वाइनरीचं तर नावच त्यावरून आलंय. एकमेकांपासून ट्रॅक्टरने दहा मिनिटांवर असलेले तीन मळे, आणि प्रत्येकाची वाइन वेगळी बाटलीत भरतात.

इतिहास तसा ताजा आहे. रेड हिल हा मुळात सफरचंद आणि चेरीच्या बागांचा मुलूख. १९७२ मध्ये बेली मायर यांनी एल्गी पार्कला वेली लावल्या, १९७५ मध्ये नॅट आणि रोझली व्हाइट या जोडप्याने मेन रिज इस्टेट सुरू केलं. नॅट पेशाने इंजिनियर. मुरुडक इस्टेटचे रिचर्ड मॅकिंटायर शल्यचिकित्सक, पारिंगाचे लिंडसे मकॉल शाळेतले शिक्षक. आपापलं काम सांभाळून या माणसांनी वेली वाढवल्या. त्यामुळे इथले बरेच मळे आजही लहान आहेत, घरातल्यांनी सांभाळलेले, आणि ओतून देणारी व्यक्ती कधी कधी स्वतः वाइन करणारीच असते. तिला मातीबद्दल विचारा, मग बघा किती वेळ बोलते.

एकच आग्रह: दिवसात दोन, फार तर तीन ठिकाणं घ्या. एक वरचं, एक खालचं, आणि मधे समुद्र. पाच-सहा वाइनऱ्यांची बस घेतली की चौथ्या ठिकाणी जीभ बोथट होते आणि बाहेरचं काहीच दिसत नाही. ज्यांना वाइन घ्यायचीच नाही त्यांच्यासाठीही इथे दिवस भरगच्च आहे, त्याबद्दल खाली लिहीन. प्रश्न विचारा, आणि जे जाऊन आलेत त्यांनी भर घाला.

निशिगंध:

फार छान लिहिलंयस. आम्ही फ्रँक्स्टनला राहतो, म्हणजे दारातच, तरी हे वरचं-खालचं प्रकरण इतकं नीट माहीत नव्हतं.

माझी भर: केप शँक चुकवू नका. १८५९ सालचं चुनखडीचं दीपगृह आहे, आणि खाली काळ्या बेसॉल्टच्या कड्यांवर लाटा आदळत असतात. मेन रिजवरून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. सकाळी तिथे जाऊन वारा खाऊन यावं आणि मग पहिलं टेस्टिंग घ्यावं. ज्या वाऱ्याबद्दल तू लिहिलंयस तो आधी तोंडावर घेतला की पेल्यातलं जास्त कळतं.

लहान मुलं असतील तर पाण्यात उतरायचं ते उपसागराच्या बाजूला: ड्रोमाना, माउंट मार्था, सोरेंटोचा फ्रंट बीच. रंगीत लाकडी खोपट्या, शांत उथळ पाणी. 'बॅक बीच' म्हणतात ती बास सामुद्रधुनीची बाजू, तिथे ओढ भयंकर आहे. पॉइंट नेपियनजवळच्या चेव्हियट बीचवर १७ डिसेंबर १९६७ रोजी खुद्द पंतप्रधान हॅरल्ड होल्ट पोहायला उतरले ते परत आलेच नाहीत. मृतदेहही सापडला नाही. गनामाटासारख्या ठिकाणी जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं, एरवी नाहीच.

कोकणकडा:

एक शंका. समुद्रामुळेच हे सगळं होत असेल तर आपल्या सातशे किलोमीटर किनाऱ्यावर द्राक्ष का होत नाही? रत्नागिरीतही लाल माती आहे, डोंगर आहे, खारा वारा आहे. खवचटपणे विचारत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

रानपाखरू:

@कोकणकडा, अगदी मुद्द्याचा प्रश्न. नुसता समुद्र पुरत नाही, तो थंड लागतो. मॉर्निंग्टन ३८ अंश दक्षिणेला आहे, आणि बास सामुद्रधुनीचं पाणी उन्हाळ्याच्या अखेरीसही विशीच्या आसपासच असतं. अरबी समुद्र आपल्या किनाऱ्याला वर्षातला बराच काळ सत्तावीस ते तीस अंश. तो हवा थंड करत नाही, दमट करतो. त्यात कोकणचा तीन हजार मिलीमीटरच्या घरातला पाऊस. शिवाय वेलीला विश्रांतीसाठी खरी थंडी हवी, ती कोकणात पडत नाही. आंब्याला जे मानवतं ते पिनोला मानवत नाही.

जगात जिथे जिथे अशी किनाऱ्याची वाइन होते तिथे पाणी गारच आहे. चिलीतलं कासाब्लांका खोरं घ्या, किनाऱ्याजवळून हम्बोल्ट प्रवाह जातो म्हणून तिथे सकाळी धुकं असतं.

ओलांडा:

निफाड तालुक्यातला द्राक्षवाला आहे. मुलगी मेलबर्नला असते, तिच्याकडे आलो होतो तेव्हा या भागात गेलो होतो. मी वाइन घेत नाही. पण शेतकरी म्हणून जे पाहिलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, ते हिवाळ्यात एकदाच छाटतात. जुलै-ऑगस्टमध्ये वेली पूर्ण पानगळ होऊन काड्यांवर उभ्या असतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन करतो, म्हणजे एका अर्थी छाटणीनेच तिला उठवतो. तिथे थंडी ते काम करते. ते ऐकलं होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं.

दुसरी, आपल्यासारखा मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही. फुटवे तारांच्या जोड्यांमध्ये सरळ उभे चढवलेले. घडाच्या उंचीवरची पानं सकाळच्या उन्हाच्या बाजूने काढलेली. वारा घडांतून खेळला पाहिजे, कारण समुद्राच्या दमटपणाने भुरी, डाऊनी आणि घडांची करडी कूज या बुरशीच्या रोगांची भीती त्यांनाही तितकीच आहे. तिथल्या माणसाला मी विचारलं, रोगाला काय करता? बोलता बोलता आम्ही दोघं अर्धा तास ओळीच्या टोकाला उभे होतो. भाषा अर्धीमुर्धी, पण पान उलटं करून दाखवलं की पुढचं सांगावं लागत नाही.

तिसरी, जाळ्या. मण्यात पाणी भरायला लागलं की सगळ्या ओळींवर पांढऱ्या जाळ्या पडतात. सिल्व्हरआय नावाचा चिमणीपेक्षा लहान पक्षी आहे, तो मणी टोचतो आणि मग पूर्ण घड सडतो. आपण अवकाळी आणि गारपिटीसाठी प्लास्टिक टाकतो, ते पाखरांसाठी जाळी टाकतात. खर्च दोघांनाही चुकलेला नाही.

आणि पर्यटकांनी एक पाळावं: विचारल्याशिवाय ओळींमध्ये शिरू नये. फोटोसाठी लोक शिरतात. फिलॉक्सेरा नावाची मुळांवरची सूक्ष्म कीड बुटांच्या मातीतून जाते. आपल्याकडे बागा डॉगरिजसारख्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या काटक जातीच्या मुळांवर कलम केलेल्या असतात. तिथल्या बऱ्याच वेली स्वतःच्याच मुळांवर आहेत, एकदा कीड आली की बाग काढण्याशिवाय इलाज नाही. यारा व्हॅलीत २००६ मध्ये ती सापडली. म्हणजे एकाच सहलीत यारा करून त्याच बुटांनी इकडे येणाऱ्यांनी जास्त जपावं. बूट धुऊन, वाळवून यावं. एवढं तरी आपण दुसऱ्या शेतकऱ्यासाठी करावं.

निशिगंध:

@ओलांडा काका, हा प्रतिसाद धाग्याचा कळस आहे. बुटांचं आम्हाला इथे राहून कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी पाहुण्यांना आधी हे सांगणार.

भटक्या_पुणे:

डिसेंबरात येतोय, भाऊ मेलबर्नच्या क्लेटन उपनगरात असतो. गाडी कोण चालवणार हा घरात पेच आहे. बस-ट्रेनने जमेल का? टेस्टिंग म्हणजे नक्की किती पितात? आणि पिनो न्वार आधी कधी प्यायलेली नाही, नाशिकच्या शिराझची, म्हणजे जोरकस लाल वाइनची सवय आहे.

रानपाखरू:

@भटक्या_पुणे, ट्रेन फ्रँक्स्टनपर्यंत, तिथून ७८८ नंबरची बस किनाऱ्याकिनाऱ्याने ड्रोमाना, सोरेंटो करत पोर्टसीला जाते. समुद्र बघायला ती उत्तम. पण मळे डोंगरावर आहेत आणि तिथे बसच्या भरवशावर राहता येत नाही. गाडी हवीच, नाहीतर ड्रायव्हरसह गाडी ठरवावी.

इथे पूर्ण परवान्यावर रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आहे, लर्नर आणि पी प्लेटवाल्यांना, म्हणजे नवशिक्या चालकांना शून्य. पोलीस कुठेही थांबवून तपासतात. टेस्टिंगमध्ये थोडी थोडी अशी पाच-सहा प्रकारची वाइन देतात, तरी सगळी बेरीज केली तर दोन ठिकाणांनंतर गाडीला हात लावू नये. टेबलावर थुंकण्यासाठी भांडं असतं, ते वापरणं अजिबात असभ्य समजत नाहीत, उलट चाखणारे मुरलेले लोक तेच करतात. पण सगळ्यात बरं म्हणजे ज्याला प्यायची नाही त्यानेच चालवावं. टेस्टिंगचे पैसे पडतात, बाटली घेतली की बऱ्याच ठिकाणी वळते करतात. शनिवार-रविवारी आधी बुकिंग केल्याशिवाय जाऊ नका, डिसेंबर-जानेवारीत तर मुळीच नाही.

पिनोबद्दल: पहिला घोट घेतल्यावर 'पातळ आहे' असं वाटेल. रंगही पारदर्शक. तिला जोर नसतो, वास असतो. पेला हातात घेऊन दोन मिनिटं थांबा, चेरी, ओली माती, पावसातल्या पानांसारखं काहीतरी वर येतं. आणि शिराझची सवय असेल तर पारिंगाची शिराझ मागून बघा. गार हवेतल्या शिराझला चक्क काळ्या मिरीचा वास येतो. रोटंडोन नावाचं जे संयुग मिरीत असतं तेच द्राक्षाच्या सालीत असतं. ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये ते दाखवून दिलं. हवा जितकी गार तितकं ते बहुधा जास्त.

जुनेजाणते:

पिनो ग्रीचा एक परिच्छेद राहिला. ऑस्ट्रेलियात या द्राक्षाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती याच द्वीपकल्पावरच्या कॅथलीन क्विली आणि केव्हिन मकार्थी या जोडप्याने, १९९० मध्ये सुरू केलेल्या टी'गॅलंट या वाइनरीतून. त्याआधी इथे फार कुणी विचारत नव्हतं. आपल्या जेवणाबरोबर मला पिनो न्वारपेक्षा पिनो ग्रीच जास्त जुळते. विशेषतः ओलं खोबरं घातलेली कमी तिखटाची भाजी, सोलकढी, किंवा तळलेला मासा. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र यातलं काहीच नको, तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात.

पिनो न्वारच्या वंशावळीबद्दलही थोडं. इथल्या बऱ्याच मळ्यांत 'एमव्ही सिक्स' नावाचा वाण आहे. जेम्स बझबी या गृहस्थाने १८३० च्या दशकात युरोपातून जी वेलींची कलमं ऑस्ट्रेलियात आणली, त्यांतल्या बर्गंडीच्या कलमांपासून तो आला असं मानलं जातं. टेस्टिंगला विचारा, आवडीने सांगतात.

चिंगी:

वाचतेय आणि आवडतंय. दोन वेगळ्या शंका. आमच्याकडे कट्टर शाकाहारी मंडळी आहेत पण वाइन चालते. वाइन शाकाहारी असते ना? आणि दोन-चार बाटल्या मुंबईला नेता येतील का?

जुनेजाणते:

@चिंगी, सगळीच नसते. वाइन स्वच्छ करताना काही जण अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसिन किंवा माशाच्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास वापरतात. अंडं किंवा दूध वापरून त्याचा अंश उरला असेल तर इथे लेबलवर लिहावं लागतं. माशाचं मात्र लिहिलेलं नसेल, म्हणून 'व्हेगन आहे का' असं थेट विचारावं. पिनोसारख्या वाइन न गाळता, काहीही न घालता भरणारेही इथे बरेच आहेत, आणि विचारण्यात कुणालाही वावगं वाटत नाही. चीजची थाळी घेणार असाल तर रेनेट (चीजसाठी दूध साकळवणारा पदार्थ) प्राणिजन्य आहे का तेही विचारा.

भारतात येताना प्रत्येक प्रौढ माणसाला दोन लिटरपर्यंत दारू किंवा वाइन शुल्काशिवाय आणता येते. म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या धरा. चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. एकाच विक्रेत्याकडून ३०० डॉलर किंवा जास्त खरेदी ६० दिवसांच्या आत केली असेल तर विमानतळावर जीएसटी आणि वाइनवरचा कर परत मिळतो. पावती जपून ठेवा, आणि वस्तू दाखवायला सांगू शकतात म्हणून बॅग सोडण्याआधी कर परत देणाऱ्या खिडकीवर जा.

मुंबई-पुण्यात विकत घेणाऱ्यांसाठी: डिसेंबर २०२२ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार लागू झाला, त्यात महागड्या बाटल्यांवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने खाली आणायचं ठरलंय. राज्याचे कर वेगळेच, त्यामुळे दुकानातला आकडा लगेच खाली येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

निशिगंध:

@चिंगी, मुलं असतील तर मेन रिजला सनी रिजच्या स्ट्रॉबेरी शेतात स्वतः तोडून घेता येतात, साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. शोरमला अ‍ॅशकोंबचा झुडपांचा चक्रव्यूह आहे, पोरं तासभर बाहेर येत नाहीत. आणि महिन्याचा पहिला शनिवार जमत असेल तर रेड हिलचा बाजार बघा. सप्टेंबर ते मे भरतो, १९७० च्या दशकापासून चालू आहे, आणि सगळं हातचं केलेलं किंवा पिकवलेलं. लोणची-मुरांबे करणाऱ्या बायकांशी माझी चांगली ओळख झालीये तिथे.

भटक्या_पुणे:

डिसेंबर ठीक आहे का मग? की तोडणीच्या वेळी यावं?

रानपाखरू:

तोडणी फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होते आणि एप्रिलपर्यंत चालते. डोंगरावरची सगळ्यात शेवटी. मार्चचा मधला भाग मला सर्वांत आवडतो: समुद्र त्यातल्या त्यात कोमट, शाळेच्या सुट्ट्यांची गर्दी नाही, आणि वाइनरीच्या आवारात आंबणाऱ्या रसाचा वास. पण तेव्हा माणसं कामात बुडालेली असतात, तुमच्याशी गप्पा मारायला त्यांना वेळ नसतो. एप्रिलच्या अखेरीस पानं पिवळी-तांबूस होतात, फोटोवाल्यांनी तेव्हा यावं. डिसेंबरात सगळं हिरवंगार, घड अजून बारीक आणि कडक. वाईट मुळीच नाही, फक्त नाताळ ते जानेवारीअखेर हायवे तुंबतो, सकाळी आठला निघा.

सोरेंटोहून क्वीन्सक्लिफला गाड्यांसकट नेणारी बोट आहे, चाळीस मिनिटांची. ग्रेट ओशन रोडही करायचा असेल तर मेलबर्नला परत न जाता तिकडून पलीकडे उतरा. अर्धा दिवस वाचतो आणि नशिबात असेल तर डॉल्फिन दिसतात.

मानसी_के:

उशिरा आले धाग्यावर. आई जुलैत येतेय. तिला वाइनशी काही घेणंदेणं नाही, गुडघे दुखतात, आणि गारठा असेल. तरी न्यावं का? मला एकटीला तिला घरी ठेवून जायचं नाहीये.

रानपाखरू:

@मानसी_के, नक्की न्या. आर्थर्स सीट हा तीनशे मीटरचा डोंगर आहे, वर जायला पाळणागाडी आहे, बंद काचेची, बसून जायची. वरून पूर्ण उपसागर आणि स्वच्छ हवा असेल तर मेलबर्नच्या इमारती दिसतात. मग पॉइंट लिओ इस्टेट. द्राक्षमळ्यांच्या आणि समुद्राच्या मधे शिल्पांची मोठी बाग आहे, २०१७ मध्ये उघडली. दाराशीच इंगे किंग यांची भव्य कमान, आणि आत प्लेन्सा या शिल्पकाराचं 'लॉरा', डोळे मिटलेल्या मुलीचं प्रचंड लोखंडी मस्तक. पूर्ण फेरा नाही जमला तर थोडा भाग बघून आत काचेआड बसा, तिथूनही शिल्पं आणि पाणी दिसतं. तुम्ही तुमचा पेला घ्या, आई चहा घेईल.

गुडघ्यांसाठी तर फिंगलचे गरम पाण्याचे झरे. जमिनीच्या खूप खालून येणारं खनिजयुक्त गरम पाणी, उघड्यावरची कुंडं, जुलैच्या थंडीत वाफा निघत असतात. पोहण्याचा पोशाख लागतो हे आईंना आधी सांगा, अंगभर घातला तरी चालतो. कुंडांमधलं चालणं चढ-उताराचं आहे, म्हणून खालच्या बाजूची कुंडं धरा. रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. बुकिंग वेळेनुसार असतं आणि थंडीतच सगळ्यात आधी भरतं, शक्यतो मधल्या वारी सकाळचं घ्या.

ओलांडा:

मानसीताई, जुलै म्हणजे छाटणीचा हंगाम. आईंना शेतीची आवड असेल तर गाडीतूनच ओळी दाखवा. काड्या तारेला वाकवून बांधत असतील. आणि बूट लक्षात असू द्या.

मानसी_के:

आजोळ तासगावचं आहे काका, आई बागेतच वाढली. तिला हे दाखवायचंच. दोघांचेही आभार, मधल्या बुधवारचं बुकिंग बघते आणि जाऊन आल्यावर इथेच लिहिते.